फ्लॅट शहराचे, पाणी गावाचं

कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, सरनोबतवाडी. कोल्हापूर शहराला लागून असलेल्या या गावांत शंभर फ्लॅटची इमारत उभी राहते तेव्हा परवानगीच्या नकाशात सगळं नीट दाखवलेलं असतं. इमारतीभोवती मोकळी सोडायची सामासिक अंतरं, पार्किंगच्या रेघा, लिफ्ट, सोलर, पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा. पण नकाशा कुंपणाच्या भिंतीशी संपतो. भिंतीबाहेरची गटार किती रुंद आहे, गावच्या टाकीत रोज किती पाणी चढतं, पुढच्या वळणावर रस्ता किती उरतो, हे त्या कागदावर नसतं. आणि राहायला गेल्यावर माणसाला जो त्रास होतो, तो बहुतेक सगळा भिंतीबाहेरून आत येतो.

याचं मूळ कारभाराच्या वाटणीत आहे. कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली. त्यानंतर कित्येक दशकं हद्द सुमारे ६७ चौरस किलोमीटरवरच थांबली आणि वस्ती मात्र माळावर चढत गेली. हद्दवाढीवरून शहर आणि गावं यांच्यात मोठी ताणाताणी झाली, आणि २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. तेव्हापासून या गावांत बांधकामाची परवानगी प्राधिकरण देतं आणि घरपट्टी ग्रामपंचायत घेते. कॉलनीतला रस्ता ग्रामपंचायतीचा, गावाला जोडणारा जिल्हा परिषदेचा, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा आणि हद्दीचा दगड ओलांडला की महापालिकेचा. ज्याच्या शिक्क्यानं माणसं वाढतात त्याला पाणी द्यायचं नसतं, आणि ज्याला पाणी द्यायचं असतं त्याला किती माणसं येणार हे कुणी आधी विचारलेलं नसतं.

त्यात मोजणी जुनी. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सरकारी हिशेबात गावाची लोकसंख्या अजून २०११ चीच धरली जाते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी याच आकड्यावर वाटला गेला. आरोग्य उपकेंद्र ५,००० माणसांमागे एक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० मागे एक, हे निकषही त्याच आकड्याला लावतात. दरम्यान ज्या माळावर तेव्हा गवत होतं तिथे आज कॉलन्या आहेत. तिथली माणसं घरपट्टी भरतात, मत देतात, पण निधीच्या भागाकारात ती नाहीत.

आता पाण्याचा हिशेब मांडू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी रोज १३५ लिटरचा. जलजीवन मिशनमध्ये गावासाठी धरलेला निकष माणशी ५५ लिटरचा. शंभर फ्लॅट, घरात सरासरी साडेचार माणसं धरली तर ४५० माणसं. फ्लॅटमध्ये फ्लश आहे, वॉशिंग मशीन आहे, शॉवर आहे, म्हणजे वापर शहरीच. त्याला रोज ६०,७५० लिटर लागतात. गाव म्हणून वाट्याला येतात २४,७५०. तूट ३६,००० लिटरची, म्हणजे दहा हजारी टँकरच्या रोज साडेतीन ते चार खेपा. ही एका इमारतीची तूट आहे, आणि योजना कागदावर ठरल्याप्रमाणे पूर्ण क्षमतेनं चालली तरीही ती राहतेच.

काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत शहरात पोचली, त्याचा आनंद सगळ्यांना झाला. पण ती योजना महापालिकेची, पुईखडीला शुद्ध होऊन शहराच्या टाक्यांत जाणारी. हद्दीबाहेरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘काळम्मावाडीचं पाणी’ असं लिहिलेलं दिसलं तर कुठल्या योजनेतून, कुठल्या टाकीवरून आणि किती इंची जोडावरून, हे लेखी मागावं. हद्दीबाहेरची गावं गांधीनगरसारख्या प्रादेशिक योजनेवर, स्वतःच्या छोट्या योजनांवर आणि बोअरवर आहेत. माळाखाली बेसाल्टचा खडक आहे. त्यात पाणी राहतं ते फक्त भेगांत. एका एकरात चार बोअर मारले म्हणून चौपट पाणी मिळत नाही, तीच भेग चौघांत वाटली जाते. मार्चनंतर बोअर तुटक चालायला लागला की समजावं, भेग रिकामी होत आली.

दाब कमी पडला की लोक नळाला थेट मोटर लावतात. याचा परिणाम नीट समजून घेण्यासारखा आहे. मुख्य पाइपात पाणी कमी आणि ओढणारे जास्त झाले की पाइपात पोकळी तयार होते आणि ती बाहेरचं पाणी आत ओढते. कॉलनीतलं नळजोड बघा: मुख्य लाइन रस्त्याच्या एका कडेला, घर दुसऱ्या कडेला, आणि मधली अर्ध्या इंची नळी बहुतेक वेळा गटारीच्या पोटातून गेलेली. तिथला लोखंडी सांधा चार-पाच पावसाळ्यांत गंजतो. सांध्याभोवती काळा चिखल, आणि पाणी बंद असताना तोच चिखल सांध्यातून आत शिरतो. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं गढूळ आणि वास येणारं पाणी येतं, मग स्वच्छ दिसतं. स्वच्छ दिसलं म्हणून ते पिण्याजोगं असतंच असं नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं, म्हणजे क्लोरीन तपासायचं, द्रावण असतं. परीक्षानळीत नळाचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. लाइनच्या शेवटच्या घरात रंग येत नसेल आणि टाकीजवळच्या घरात येत असेल, तर मधे कुठेतरी घाण आत शिरतेय. उपाय खर्चिक नाही. नळजोड गटारीखालून न नेता वरून न्यावा, गटार ओलांडताना त्यावर मोठ्या पाइपाचं आवरण घालावं, आणि थेट मोटर काढून जमिनीखाली टाकी बांधून तिच्यातून पाणी उचलावं.

जेवढं पाणी आत येतं त्याच्या साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आपल्या शंभर फ्लॅटचं रोज सुमारे ४८,६०० लिटर. या गावांत भुयारी गटार नसल्यातच जमा, म्हणून सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. सेप्टिक टँक मैला खाली बसवतो, वरचं पाणी साफ करत नाही. ते पाणी जमिनीत जिरलं पाहिजे, आणि खरी अडचण तिथे आहे. जमिनीची जिरवण मोजायची साधी रीत आहे. शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत वीतभर रुंदीचं भोक घ्यायचं, रात्रभर पाण्यानं भरून माती भिजू द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून ते २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. ३० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर शोषखड्ड्याचा नाद सोडावा.

समजा माळावरचा मुरूम चांगला निघाला आणि २५ मिनिटं लागली. भारतीय मानकातल्या सूत्रानं, म्हणजे २०४ ला मिनिटांच्या वर्गमुळानं भागून, अशी जमीन दर चौरस मीटरला रोज सुमारे ४१ लिटर पिते. ४८,६०० लिटरला जवळजवळ १,१८५ चौरस मीटर जिरवण-पृष्ठभाग लागतो. तीन मीटर व्यासाच्या आणि तीन मीटर पाणी उभं राहील अशा एका खड्ड्याच्या भिंती मिळून २८ चौरस मीटर देतात. म्हणजे ४२ खड्डे. प्रत्यक्षात किती असतात? एक, फार तर दोन. पहिल्या पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरतो आणि मग रात्री कुणीतरी गटारीकडे जाणारा पाइप जोडून घेतो. नदीकडच्या काळ्या मातीत तर एवढंही नाही. ती पाणी प्याली की फुगते आणि दार लावून बसते.

त्यामुळे मोठ्या प्रकल्पाला स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प हवाच. पण तो बांधून घेणं सोपं, चालवणं अवघड. त्यातले जिवाणू हवेवर जगतात आणि हवा ब्लोअर देतो. सोसायटीचं वीजबिल डोळ्यावर आलं की सगळ्यात आधी ब्लोअरच्या वेळा कमी केल्या जातात. काही तास हवा बंद राहिली की जिवाणू मरायला लागतात, टाकी सडक्या अंड्यासारखी वास मारते, आणि मग रहिवासीच ‘ते यंत्र बंद करा’ म्हणतात. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. हवा मिसळणाऱ्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात घ्यायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. नेहमीच्या पद्धतीच्या प्रकल्पात तपकिरी गाळ खाली बसून वर निवळ पाणी दिसलं पाहिजे. गाळ जेमतेम तळाला लागला तर जिवाणू पुरेसे नाहीत. काळा गाळ वर तरंगला तर हवा कमी पडतेय. मेंटेनन्स ठरवताना ऑपरेटरचा पगार, वीज आणि गाळ उचलण्याचा खर्च वेगळा लिहून घ्यावा. नाहीतर दोन वर्षांत त्या खोलीला कुलूप लागतं.

हे सगळं पाणी शेवटी उतारानं शहराकडे येतं. पाचगाव-मोरेवाडीचा माळ उंच, शहर खाली. ओढ्या-नाल्यांनी ते जयंती नाल्यात, तिथून अडवून कसबा बावड्याच्या ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पाकडे, आणि पावसाळ्यात उपसा कमी पडला की बंधाऱ्यावरून थेट पंचगंगेत. नदीकाठच्या खालच्या गावांना आणि इचलकरंजीला त्याचं काय भोगावं लागतं हे जिल्ह्याला ठाऊक आहे. महापालिकेनं नाला कितीही अडवला तरी वरच्या गावांचा मैला त्यात येत राहिला तर आकडा जुळणार नाही.

पावसाच्या पाण्याचं गणित आणखी सोपं, पण ते कुणी करत नाही. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एकरावर दोन लाख लिटर पाणी पडतं. माळ असताना त्यातलं साधारण ३० टक्के वाहून जायचं, बाकी गवतात आणि मुरुमात थांबायचं. पेव्हर ब्लॉक, स्लॅब आणि काँक्रीट झाल्यावर ९० टक्के वाहतं. म्हणजे साठ हजार लिटरच्या जागी एक लाख ऐंशी हजार, सेकंदाला सुमारे ५० लिटर. दहा एकरांच्या लेआउटचं सेकंदाला ५०० लिटर. त्याला दीडशेला एक उतार असलेला ६०० मिलिमीटर व्यासाचा पाइप पूर्ण भरून वाहावा लागतो. आता जाऊन बघा, त्या ओढ्यावरच्या जुन्या रस्त्याखाली मोरीचा पाइप किती आहे. बहुतेक ठिकाणी एक ३०० किंवा ४५० चा, अर्धा मातीनं भरलेला, तोंडाशी प्लॅस्टिकच्या पिशव्या. पाणी मोरीतून जात नाही, रस्त्यावरून जातं आणि खालच्या गल्लीत घरात शिरतं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. ते नीट केलं, म्हणजे छपराचं पाणी बोअरशेजारच्या खडी-वाळूच्या खड्ड्यात सोडलं आणि दर मे महिन्यात वरचा गाळ काढला, तर ओढ्यावरचा भार खरोखर कमी होतो. भोगवटा प्रमाणपत्रापुरता खणून वर फरशी टाकलेला खड्डा काही कामाचा नाही.

रस्त्याकडे येऊ. एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली. तिच्यात चटईक्षेत्र, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येईल ते, रस्त्याच्या रुंदीला बांधलं आहे: ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) किंवा टीडीआर (दुसरीकडे दिलेल्या जमिनीच्या बदल्यातला बांधकामाचा हक्क) मिळत नाही, रुंदी वाढेल तसं जास्त बांधता येतं. तत्त्व बरोबर आहे. गोची अशी की रुंदी प्लॉटसमोर मोजली जाते. नवी इमारत मागे सरते, समोर ९ मीटर दिसतो. शंभर मीटर पुढे जुनं घर, त्याचा ओटा, विजेचा खांब, डीपी, आणि रस्ता साडेचार मीटर. गाड्या त्या साडेचार मीटरवरून जाणार आहेत. म्हणून फ्लॅट बघायला जाताना टेप घेऊन जावं आणि मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंत सगळ्यात अरुंद जागा मोजावी. अग्निशमनाच्या गाडीला वळायला ९ मीटर त्रिज्या लागते. तो बंब त्या कोपऱ्यावर वळेल का, एवढं एकदा डोळ्यासमोर आणून बघावं.

भाराचा अंदाजही बांधता येतो. दुकानं आणि फाटे असलेला दोन पदरी दुतर्फा रस्ता, भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानं, तासाला दोन्ही बाजू मिळून सुमारे ९०० कार-एकक, म्हणजे कारच्या मापात मोजलेली वाहनं, पेलतो. दुचाकी तिथे पाऊण एकक धरतात. पाचशे फ्लॅटमधून सकाळी नऊ ते दहा दरम्यान घरटी एक दुचाकी आणि दोन घरांत मिळून एक कार निघाली असं धरलं, तर ६२५ एकक झाले. रस्त्याच्या कुवतीतला दोन तृतीयांश वाटा एकाच वसाहतीनं घेतला. कडेला गाड्या लावल्या की उरलेलीही कुवत गेली. आर. के. नगरकडून किंवा गारगोटी रस्त्यानं शहरात शिरताना सकाळी जी रांग लागते तिच्यामागे हेच गणित आहे. चौकात सिग्नल बसवून ते सुटत नाही. त्यात २०२५ च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. ही मागणी कित्येक वर्षांची आणि हक्काची होती. पण त्यानं घरांची मागणी वाढणार, हे धरूनच रस्ते आखायला हवेत. महापालिकेच्या केएमटीची बस शेवटच्या कॉलनीपर्यंत आणि नेमानं गेली तर निम्म्या दुचाकी घरी राहतील, असं माझं ठाम मत आहे.

कॉलनीतला रस्ता उखडतो त्याची कारणं तीन, आणि तिन्ही आधीपासून माहीत असलेली. गावचा रस्ता खडीकरण आणि वर २० मिलिमीटरचं कार्पेट असा हलक्या वाहतुकीसाठी केलेला असतो. त्यावरून भरलेले टँकर, डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर जातात. एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे १६ पट होते. दुसरं, पाणी. रस्त्याला मधून कडेकडे सव्वादोन-अडीच टक्के उतार हवा आणि साइडपट्टी रस्त्यापेक्षा खाली हवी. इथे उलटं असतं: लोक गेटपुढे भराव टाकून उंचवटा करतात, पाणी डांबरावर साचतं आणि खडीवरचं डांबर सुटतं. तिसरं, चर. पाइप टाकायला खणलेल्या चरात तीच काळी माती परत ढकलतात, वर खडीचा हात मारतात. पावसात माती बसते आणि रस्त्याच्या मधोमध लांबच लांब घळ पडते. चर मुरुमानं भरावा, दीडशे-दोनशे मिलिमीटरचा एकेक थर पाणी मारून धुमसावा, मग खडी आणि डांबर.

नदीच्या बाजूचा प्रश्न वेगळा आहे. पूरनकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पूरक्षेत्रात एका एकरावर दोन मीटर भराव टाकला की आठ हजार घनमीटर पाण्याची जागा गेली. ते पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. तिथे घर घेताना पाटबंधारे खात्याच्या नकाशावर गट नंबर शोधल्याशिवाय टोकन देऊ नये.

परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटबद्दल थोडक्यात: २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करते. त्यानं कागद नीट होतो, दहा फुटी बोळ रुंद होत नाही.

गावांनी काय मागावं? हद्दवाढ व्हावी की नको यावर प्रामाणिक मतभेद आहेत, आणि घरपट्टी वाढेल, शेतावर आरक्षण पडेल ही गावांची भीती खोटी नाही. पण तो निकाल लागेपर्यंत नगररचना योजना करता येते. अनेकांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते, गटार आणि मोकळ्या जागा आखायच्या आणि प्रत्येकाला रस्त्यावरचा नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा. जमीन थोडी कमी होते, किंमत वाढते, आणि बोळ उरत नाहीत. विकास आराखड्यात नुसती रेघ ओढून रस्ता होत नाही. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो, पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण उडतं.

सदनिकाधारकांनी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून एवढंच मागावं: उंच टाकीची क्षमता, रोजची प्रत्यक्ष उचल, एकूण नळजोड, मागच्या तीन वर्षांत परवानगी दिलेल्या सदनिका, आणि या गावातून विकास शुल्क किती जमा झालं व गावात किती खर्च झालं. टाकी आणि नळजोडाचा अर्ज ग्रामपंचायतीकडे, परवानग्या आणि शुल्काचा प्राधिकरणाकडे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ते आकडे ग्रामसभेत वाचले की नव्या इमारतीला पाण्याचं पत्र देताना ‘पाणी उपलब्ध आहे’ एवढं मोघम न लिहिता रोज किती लिटर, कुठल्या टाकीवरून, किती वाजता, असं लिहायचा ठराव करता येतो.

आणि रस्त्याचा निधी आला तर क्रम पाळून घ्यावा. आधी गटार आणि मोऱ्या, मग पाण्याची लाइन, मग नळजोड, एक पावसाळा चर बसू द्यायचा, शेवटी डांबर. डांबरापूर्वी दर पन्नास मीटरला रस्त्याखालून आडवा चार इंची रिकामा पाइप टाकून दोन्ही टोकं झाकून ठेवावीत आणि त्यांची जागा जवळच्या खांबावर रंगानं लिहावी. पुढच्या वर्षी नवा नळ किंवा केबल आली की त्याच पाइपातून ओढता येते.